चित्रतारे मालिकेच्या दारी

चित्रपटसृष्टीतील एखादा नामांकित नट अथवा नटी मालिकेत भूमिका करणार, अशी वार्ता प्रसिद्ध झाली की तिजविषयी दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक म्हणतो, "बिचाऱ्यास चित्रपटांत कामे मिळेनाशी झाली, म्हणून खाली उतरला." दुसरा म्हणतो, "चला, आता त्या मालिकेस प्रतिष्ठा आली." वरवर पाहता ही मते परस्परविरुद्ध दिसतात, परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच आहे. चित्रपट हा माडीवरचा दिवाणखाना आणि मालिका ही खालची ओसरी, अशी ती समजूत होय. माडीवरचा माणूस ओसरीवर आला, तर तो तरी गरजू असला पाहिजे, नाहीतर उदार असला पाहिजे! आम्हांस ही समजूत मुळातच चुकीची वाटते. शिवाय ही चूक निव्वळ बोलण्यातली नाही. तिच्यामुळे चांगल्या कथा बिघडतात आणि सामान्य कथांस नसती वाहवा मिळते. म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मालिका कशास म्हणावयाचे ते ठरविले पाहिजे. पूर्वी ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी दूरदर्शनवर दिसे ती मालिका. पुढे खासगी वाहिन्या आल्या. आणि आता नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन इत्यादी मंडळी आठ-आठ, दहा-दहा भाग एकाच दिवशी आंतरजालावरून आपल्या स्वाधीन करितात. कोणी ते महिनाभर पुरवून पाहतो, कोणी एका रात्रीत संपवितो. परंतु पाहण्याचे साधन व वेळापत्रक बदलले तरी मालिकेचे मुख्य लक्षण बदललेले नाही. ते लक्षण असे की, तिच्यात कथा हप्त्याहप्त्याने सांगितलेली असते आणि तिला आठ-दहा तासांचा, प्रसंगी वर्षांचा, अवकाश मिळालेला असतो.

ह्या अवकाशामुळेच चित्रपट आणि मालिका ह्यांचे धर्म भिन्न होतात. चित्रपटास अडीच-तीन तासांत सर्व आटोपावयाचे असते. नायक शूर आहे की भित्रा, प्रेमळ आहे की कावेबाज, हे पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकांच्या मनावर ठसवावे लागते. येथे तारा उपयोगी पडतो. त्याचा चेहरा दिसला की त्याच्या मागील वीस चित्रपटांतील पराक्रम आपोआप आठवतात आणि लेखकाचे अर्धे काम वाचते. हिशेबाच्या वहीत मागील पानावरची शिल्लक पुढे ओढावी तसा हा प्रकार आहे. मालिकेत मात्र ही शिल्लक पहिल्या-दुसऱ्या भागातच खर्ची पडते. त्यानंतर पात्राने स्वतः काही मिळविले पाहिजे. ते मिळविले नाही, तर जो लौकिक आरंभी भांडवल होता तोच पुढे कर्ज होऊन बसतो. कारण पात्राकडे पाहू जाता प्रत्येक वेळी तारा आडवा येतो. थोडक्यात सांगावयाचे, तर चित्रपटातील तारा हा सणासुदीचा पाहुणा आहे. त्याच्यासाठी चांगल्या कपबश्या बाहेर निघतात, गोडधोड होते, आणि तो निघून गेल्यावर त्याच्या गोष्टी निघतात. परंतु मालिकेस घरचा माणूस हवा असतो. जो सकाळी आंबट चेहऱ्याने उठतो, ज्याच्याशी आपण भांडतो, आणि ज्याला उशीर झाला तर ज्याची वाट पाहतो, तो घरचा माणूस.

एका कलेतील कीर्तिमंत दुसरीकडे जातात तेव्हा काय घडते, ह्याचा धडा आपणां मराठी लोकांस फार पूर्वी मिळालेला आहे. बोलपट सुरू झाल्यावर रंगभूमीवरील अनेक नट तिकडे गेले. त्यांत नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व ह्यांच्याहून मोठे नाव दुसरे नव्हते. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात ते संत एकनाथांच्या भूमिकेत दिसले. दिग्दर्शन व्ही. शांताराम ह्यांचे होते. म्हणजे कोणत्याही साधनाची वाण नव्हती. पण ज्या नटाच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्रास वेड लाविले, त्याला पडद्यावर रंगभूमीसारखे स्थान काही मिळाले नाही. लोकांच्या मनातील बालगंधर्व आणि पडद्यावरचे एकनाथ ह्यांचा मेळ बसेना. पुढे दोनच वर्षांनी, १९३७ साली, त्याच प्रभातच्या 'कुंकू' चित्रपटात केशवराव दाते ह्यांनी तरुण मुलीशी लग्न करून बसलेल्या वृद्ध वकिलाची भूमिका केली. तेही रंगभूमीवरूनच आले होते. परंतु त्यांनी रंगभूमीवरील लौकिक पडद्यावर मिरविला नाही. त्या वृद्धाची लाज, हट्ट व पश्चात्ताप एवढेच त्यांनी आपल्यापुढे ठेविले, आणि ती भूमिका आजही नावाजली जाते. ह्यावरून आम्ही असा बोध घेतो की, लौकिक एका कलेतून दुसरीत सहसा नेता येत नाही. नेता येते ती विद्या.

आता छोट्या पडद्याकडे वळू. भारतात दीर्घ मालिकेचे युग सुरू झाले ते ७ जुलै १९८४ रोजी आरंभ झालेल्या 'हम लोग' ह्या मालिकेने. मनोहर श्याम जोशी ह्यांनी लिहिलेली ही एका मध्यमवर्गीय उत्तर भारतीय कुटुंबाची कथा १९८५ च्या डिसेंबरपर्यंत, दीडशेहून अधिक भागांत, चालली. तिच्यात एक मोठा चित्रतारा होता, हे आज फारसे लक्षात घेतले जात नाही. तो म्हणजे अशोककुमार. परंतु त्यांस कुटुंबातील आजोबा अथवा काका केलेले नव्हते. भाग संपला की ते येत, घडलेल्या गोष्टीविषयी वडीलकीने दोन शब्द बोलत आणि निरोप घेत. त्यांच्या नावे प्रेक्षकांची लक्षावधी पत्रे आली. आमच्या मते ह्या योजनेत फार मोठे शहाणपण होते. घर अनोळखी चेहऱ्यांचे, आणि ओळखीचा चेहरा उंबरठ्याबाहेर! त्यामुळे बडकी, छुटकी, नन्हे ही मंडळी कोणा नटाची रूपे न वाटता शेजारची मुले वाटली, आणि ताऱ्याचा मानही राहिला.

त्यानंतरच्या काळात छोटा पडदा हा चित्रपटाकडे चढून जाण्याचा जिना ठरला. १९८९ च्या 'फौजी'तून शाहरुख खान पुढे गेले. मनोज बाजपेयी हे 'स्वाभिमान' ह्या मालिकेतून १९९८ च्या 'सत्या'पर्यंत पोहोचले. जिना चढून गेलेला माणूस परत दिसला की लोक "उतरला" म्हणणार, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच काळात ह्या समजुतीस खोटे पाडणारी उदाहरणेही डोळ्यांपुढे होती. १९८८ साली गोविंद निहलानी ह्यांच्या 'तमस'मध्ये ओम पुरी आणि गुलजार ह्यांच्या 'मिर्झा गालिब'मध्ये नसीरुद्दीन शहा दिसले. दोघेही तेव्हा चित्रपटांतील मान्यवर नट होते. 'तमस'मधील भेदरलेला नत्थू पाहताना ओम पुरी कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर आले, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नसेल.

ताऱ्यांचा ओघ खऱ्या अर्थाने छोट्या पडद्याकडे वळला तो ३ जुलै २००० पासून, असे म्हणण्यास हरकत नाही. त्या दिवशी अमिताभ बच्चन 'कौन बनेगा करोडपती' घेऊन आले. ही काही कथामालिका नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु आमचा मुद्दा तिच्यामुळे अधिक स्पष्ट होतो. ह्या कार्यक्रमात खरी कथा समोर बसलेल्या माणसाची असते. कोणी खेड्यातील शिक्षक असतो, कोणी नोकरीच्या शोधातील पदवीधर, कोणी मुलीच्या लग्नाची चिंता वाहणारी गृहिणी. बच्चन त्यांना मान देतात, धीर देतात, आणि मुख्य म्हणजे ऐकून घेतात. ताऱ्याचे तेज येथे दुसऱ्याच्या मुखावर पाडलेले असते. २००७ च्या पर्वात शाहरुख खान त्या आसनावर बसले. पण यजमानपण बच्चनांसच अधिक शोभले, असा कौल प्रेक्षकांनी एकंदरीत दिला. आता ह्याच नटाची दुसरी बाजू पाहा. २०१४ साली 'युद्ध' ह्या वीस भागांच्या कथामालिकेत बच्चन ह्यांनी बांधकाम व्यावसायिकाची प्रमुख भूमिका केली. नट तोच, वाहिनीही तेव्हा 'करोडपती' दाखविणारीच. तरी अपेक्षित प्रेक्षकवर्ग मिळाला नाही. कष्टात त्यांनी कसूर केली असे कोणीही म्हणणार नाही. पण त्या मालिकेत नायक खोलीत शिरण्यापूर्वी त्याचा दबदबा शिरत असे, आणि भोवतालची माणसे त्या दबदब्याला तोंड देण्यापुरतीच उभी केलेली वाटत. तीन तास हे चालले असते. वीस भाग चालणे कठीण होते.

ह्याच्या उलट उदाहरण म्हणून २०१८ च्या 'सेक्रेड गेम्स' ह्या मालिकेचा विचार करू. विक्रम चंद्र ह्यांच्या २००६ सालच्या इंग्रजी कादंबरीवर आधारलेली ही मालिका विक्रमादित्य मोटवाने व अनुराग कश्यप ह्यांनी दिग्दर्शित केली. तिच्यातील शिव्या व रक्तपात पाहता ती मुलाबाळांसह पाहण्याजोगी नाही, हे प्रथमच सांगून ठेवितो. तिच्यात सैफ अली खान हे मुंबईचे पोलीस निरीक्षक सरताज सिंग झाले आहेत. हा सरताज थकलेला, घटस्फोटित आणि वरिष्ठांपुढे अवघडलेला आहे; मनाची घालमेल थांबविण्यासाठी तो गोळ्या घेतो. छानछोकीच्या भूमिकांविषयी प्रसिद्ध असलेल्या नटाने येथे आपला सर्व नखरा बाहेर काढून ठेविला आहे, आणि त्यामुळेच तो मालिकेच्या घरात सामावतो. परंतु त्या पहिल्या पर्वात प्रेक्षकांच्या मनात खरे घर केले ते हवालदार काटेकराने. ही भूमिका जितेंद्र जोशी ह्यांनी केली. मराठी प्रेक्षकांस ते रंगभूमीवरून व २०१२ च्या 'तुकाराम' चित्रपटातून परिचित होते. पण मराठीबाहेरच्या बहुसंख्य प्रेक्षकांपुढे ते कोणतीही शिल्लक न घेता आले होते. बायकोशी कुरबुर करणारा, साहेबावर जीव टाकणारा आणि नोकरीतील लहानमोठ्या तडजोडी करीत दिवस काढणारा हा हवालदार हळूहळू आपल्या ओळखीचा होतो. पर्व संपण्यापूर्वी तो मारला जातो, तेव्हा आपल्याच चाळीतील कोणी गेल्यासारखे वाटते. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात नामांकित नटांची संख्या वाढली, गुरुजींचा आश्रम आला, विश्वसंहाराच्या गोष्टी निघाल्या. परंतु त्या भव्य पसाऱ्यात काटेकराची उणीव आम्हांस शेवटपर्यंत जाणवत राहिली. मालिकेचा न्याय हा असा आहे. त्यात मोठे कोण हे श्रेयनामावलीतील क्रमावरून ठरत नाही.

ह्याच कसोटीवर 'द फॅमिली मॅन' ही मालिका आम्हांस अधिक यशस्वी वाटते. तिचे पहिले पर्व २०१९ साली, दुसरे २०२१ साली आणि तिसरे २०२५ साली आले. राज व डीके ह्या जोडीने निर्मिलेल्या ह्या मालिकेत मनोज बाजपेयी ह्यांनी श्रीकांत तिवारी ह्या गुप्तहेराची भूमिका केली आहे. गुप्तहेर म्हटला की डोळ्यांपुढे जो रुबाब उभा राहतो, त्यातले येथे काही नाही. घरच्यांना वाटते की हा सरकारी कचेरीत कागद पुढे सरकवितो. मुलांच्या शाळेत त्याला उशीर होतो. पत्नी सुचित्रा त्याच्या अर्धवट उत्तरांना विटलेली आहे. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी तो हेरगिरी सोडून खासगी कंपनीत नोकरी धरतो आणि वयाने लहान अशा वरिष्ठाचा उपदेश मुकाट्याने ऐकतो. हा प्रसंग गाजला, तो त्यात पराक्रम आहे म्हणून नव्हे. पन्नाशीकडे झुकलेल्या अनेक गृहस्थांनी तो स्वतः भोगलेला आहे म्हणून. शिवाय सुचित्रा आणि तिचा सहकारी ह्यांच्यामध्ये लोणावळ्यास काय घडले, हे पहिल्या पर्वात सांगितलेलेच नाही. चित्रपटात ही त्रुटी ठरली असती. येथे मात्र प्रेक्षक दोन वर्षे तो प्रश्न मनात बाळगून राहिले, आणि संसारात न विचारलेले प्रश्न कसे साचतात, हे त्यांस त्या प्रतीक्षेतूनच कळले. तारा कितीही मोठा असो, त्याच्या एका कटाक्षात हे काम होणारे नव्हते. ते काळाचेच काम होते.

मग ताऱ्याच्या लौकिकास मालिकेत स्थानच नाही काय? तसे आमचे म्हणणे नाही. लौकिक हाच कथेचा विषय केला, तर तो उपयोगी पडू शकतो. २०२२ च्या 'द फेम गेम'मध्ये माधुरी दीक्षित ह्यांनी अनामिका आनंद ह्या अचानक नाहीशा झालेल्या चित्रतारकेची भूमिका केली. तारकेनेच तारकेची भूमिका करावी, आणि त्या झगमगाटामागील आई, मुलगी व पत्नी आपणांस हळूहळू दिसावी, ही कल्पना खचित चांगली होती. जेथे ही स्त्री घरातील माणसांत एकटी पडते, तेथे ती रंगतेही. परंतु पुढे पुढे ती कोठे गेली, ह्या कोड्यास इतके महत्त्व आले की ती कोण होती, हा मूळ प्रश्न मागे पडला. दोष नटीचा नव्हे. लेखणीने मध्येच वाट सोडली.

येथे एक व्यवहारी आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. मालिका काढण्यास पुष्कळ पैसा लागतो. शेकडो मालिकांच्या गर्दीत प्रेक्षकांची नजर खिळवावयाची, तर ओळखीचा चेहरा हवा. तो नसेल, तर लेखकाची उत्तम कथाही कोणी पाहणार नाही. ह्यात तथ्य आहे. दुकानाची पाटी ठळक असावी, हे आम्हांस मान्य आहे. पण पाटीलाच माल समजू नये. २०२० साली हन्सल मेहता ह्यांनी 'स्कॅम १९९२' ही शेअरबाजारातील हर्षद मेहता प्रकरणावरील दहा भागांची मालिका केली. तिची प्रमुख भूमिका प्रतीक गांधी ह्या गुजराती रंगभूमीवरील नटाकडे होती. हिंदी प्रेक्षकांपैकी फार थोड्यांस त्यांचे नाव ठाऊक होते. तरी देशभर तिची चर्चा झाली. सुचेता दलाल व देबाशिष बसू ह्यांच्या पुस्तकाचा भक्कम आधार तिला होता, आणि बँकांच्या रोख्यांचे किचकट व्यवहार सामान्य माणसास समजतील असे मांडण्याचे कष्ट लेखकांनी घेतले होते. तारा आधी होता म्हणून मालिका चालली असे नव्हे. मालिका चालली म्हणून तारा झाला.

खरी भीती आम्हांस आणखी एका गोष्टीची वाटते. ताऱ्यावर विसंबण्याची सवय लागली की कथा ताऱ्याच्या मापाने बेतली जाऊ लागते. त्याचा प्रवेश दिमाखदार हवा, त्याचा पराभव फार लांबू नये, त्याच्याहून दुसऱ्या पात्राचे संवाद सरस नसावेत! असे झाले की हाती आलेला दीर्घ अवकाश वाया जातो आणि आठ तासांचा एक लांबलेला चित्रपट तयार होतो. ज्या साधनाने आपल्या काळातील कुटुंबाचे, नोकरीचे, म्हातारपणाचे बारीक चित्र काढता आले असते, ते पुन्हा जुन्याच आरत्या ओवाळण्यात खर्ची पडते. हे नुकसान लेखकाचे तर आहेच. पण मोठे नुकसान आपले आहे.

कारण हप्त्याहप्त्याने सांगितलेल्या कथेचे सामर्थ्य मराठी वाचकांस नवीन नाही. हरिभाऊ आपटे ह्यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः दिली. तिची नायिका यमू ही कोणी राणी नव्हती की नाटकातील प्रसिद्ध रूपसुंदरी नव्हती. ब्राह्मण घरातील ती एक साधी मुलगी आपल्याच शब्दांत आपले बालपण, सासर आणि वैधव्य सांगत गेली. तिच्यापाशी मागील पानावरची शिल्लक मुळीच नव्हती. आठवड्यामागून आठवडे ती वाचकांच्या घरी येत राहिली, आणि शेवटी त्या घरांतील पुरुषांस आपल्याच माजघराकडे निराळ्या नजरेने पाहावे लागले. आजच्या मालिकेचे खरे कुळ हे आहे. तिची नाती चित्रपटापेक्षा ह्या क्रमशः कादंबरीशी अधिक जवळची आहेत.

म्हणून ह्या दारी येणाऱ्या चित्रताऱ्यांचे आम्ही स्वागतच करितो; फक्त त्यांनी पाहुणचाराची अपेक्षा ठेवून येऊ नये. आणि आपणही, एखाद्या नव्या मालिकेच्या जाहिरातीत परिचित मुखडा दिसला असता, त्याच्याखाली बारीक अक्षरांत लेखकाचे नाव कोणते आहे तेही वाचावे. मग चार भाग पाहून स्वतःस एवढेच विचारावे की, पाचव्या भागात आपण कोणाची वाट पाहत आहो, त्या नटाची की त्या माणसाची? उत्तर 'नटाची' असे आले, तर संच खुशाल बंद करावा.